काठावरचं माप

निमगाव केतकीत रामहरी भोंगाला कुणी "किती वाजले?" म्हणून विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. ह्याच्या हातात मोबाइल असताना हा मला का विचारतोय? मग वेळ सांगायचा, तीही पाच मिनिटं पुढं करून. अहो, माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. डाळिंबाची बाग अशी राखलेली की जाणारा येणारा थांबून बघायचा. पण जाणारा थांबला की रामहरी कुंपणापाशी हजर. "काय बघताय?"

बाकीची माणसं खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. रामहरी टेप ठेवायचा. पाच मीटरचा लोखंडी टेप शर्टाच्या खिशात आणि पन्नास मीटरचा, गोल डबीतला, मोटरसायकलच्या डिकीत. कापडाच्या दुकानात दुकानदाराची पट्टी बाजूला सारून स्वतः मोजायचा. ठिबकच्या नळीचं बंडल आणलं की अंगणात उलगडायचं, आणि बायकोनं, रतननं, दुसरं टोक धरून उन्हात उभं राहायचं. "आपलं लगीन लागलं तवा अंतरपाटबी मोजला व्हता का वं?" असं ती विचारायची. तो तिला टोक ताणून धरायला सांगायचा.

ह्या खोडीला कारण होतं. शेजारचा गेणूतात्या भावकीतलाच. रामहरीच्या वडलांच्या हयातीत त्यानं बांध दरसाल वीतभर सरकवला. वडील म्हणायचे, आपलाच माणूस हाय, तो कशाला खोटं करंल? शेवटी मोजणी आली तेव्हा कळलं की डाळिंबाच्या दोन ओळी गेणूतात्याच्या रानात उभ्या आहेत. रामहरी तेव्हा सतरा वर्षांचा. त्या दिवशी त्यानं मनाशी गाठ मारली: माणसाच्या जिभेवर विश्वास नाही, आपल्या डोळ्यावर पण नाही, टेप सांगंल तेवढंच खरं. गावानं त्याला टेपराव नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.

ह्या टेपरावाची पोरगी छकुली. आज तिचा गळ्यात पदक घातलेला फोटो गावच्या कमानीपाशी फ्लेक्सवर आहे, पंधराशे मीटर पोहण्यात राज्यात पहिली म्हणून. त्याच फ्लेक्सवर ज्यांनी जन्मात गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नाही असे नऊ जण 'मार्गदर्शक' म्हणून हसतायत, त्यांचं सोडा. सांगायची गोष्ट वेगळी आहे. ही पोरगी तलावातून कायमची बाहेर पडता पडता राहिली, आणि तिला हाताला धरून बाहेर काढणारा तिचा सख्खा बाप होता. हे फ्लेक्सवर कोण लिहिणार?

छकुली सहा वर्षांची असताना विहिरीत पोहायला शिकली. आमच्याकडं शिकवायची पद्धत एकच. पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधायचा आणि द्यायचं ढकलून. रामहरीनं कॅन बांधला, कमरेला दोर बांधला, गाठ तीनदा ओढून बघितली, मग कॅनला भोक तर नाही ना म्हणून झाकण काढून फुंकून बघायला लागला. तोवर पोरीनं कंटाळून आपणच उडी टाकली. चौथ्या दिवशी कॅन एकीकडं तरंगत होता आणि छकुली दुसरीकडं.

बारा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या स्पर्धा बारामतीच्या तलावावर झाल्या. बाकीच्या पोरी टोपी आणि चष्मा लावून आलेल्या, ही मामेभावाची हाफ पँट घालून. शर्यतीत तिसरी आली. पण काठावर आल्यावर बाकीच्या पोरी धापा टाकत होत्या आणि ही रतनला विचारत होती, "आई, शेंगदाण्याचा लाडू आणलाय का?" हे राजेश्वरी मॅडमनी ऐकलं. मॅडम म्हणजे तिथल्या प्रशिक्षक; पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, गळ्यात शिट्टी. एके काळी स्वतः राज्याकडून पोहलेल्या. त्या रामहरीला म्हणाल्या, "आठवड्यातून चार दिवस हिला आणा. पोरगी दमत नाही."

दुसरा कुणी असता तर हरखला असता. रामहरीला घरी येईपर्यंत एकच भुंगा. बाईला ह्यात काय मिळणार? आपली पोर कोण, तिची कोण? बिनकामाची माया कोण करतं?

तरी नेली. शाळा सुटली की चाळीस किलोमीटर मोटरसायकल, दोन तास पोहणं, परत चाळीस किलोमीटर. पहिल्याच दिवशी त्यानं डिकीतला टेप काढला. झाडलोट करणाऱ्या रंगूबाईला म्हणाला, "जरा हे टोक धरा."

"कशाला वं?"

"तलाव पन्नास मीटरचा हाय म्हंत्यात. कुणी मोजला?"

"आता बांधणाऱ्यानं मोजलाच असंल की, दाजी."

"बांधणाऱ्यावरच तर बोलतोय मी."

तलाव पन्नास मीटर भरला, वर बोटभर. रामहरीला त्या बोटाचाही संशय आला. बोटभर जास्त कशाला ठेवलं असंल? पण पोरगी पोहायला लागली, आणि दोन वर्षं बरी गेली.

चौदाव्या वर्षी ठिणगी पडली. तलावाच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता, त्यावर कोणत्या शर्यतीला कोण ते लिहिलेलं असायचं. एका संध्याकाळी रामहरीनं जाळीतून बघितलं. पन्नास मीटरच्या खाली छकुलीचं नाव पुसलेलं, आणि त्याच जागी वालचंदनगरच्या कॉलनीतल्या एका पोरीचं नाव. छकुलीचं नाव सगळ्यात खाली गेलेलं, पंधराशे मीटरसमोर.

पंधराशे! तीस फेऱ्या! रामहरीच्या डोक्यात घण बसला. पन्नास मीटरला लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. पंधराशेला बघणारी माणसं मधीच उठून चहा पिऊन येतात. म्हणजे आंब्याची फोड एकीला आणि कोय आपल्या पोरीला.

तो मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रामहरीभाऊ, छकुलीला दम आहे, चपळाई नाही. पन्नासला तिला तेहेतीस सेकंद लागतात. राज्यात निवड व्हायला तिशीच्या आत यावं लागतं. पंधराशेला मात्र तिच्यासारखी पोरगी मी वीस वर्षांत बघितली नाही."

झालं. गोड बोलणं सुरू झालं की रामहरी जास्तच सावध. त्या दिवसापासून तो जाळीला डोळा लावून बसायला लागला, आणि संशयानं बसणाऱ्याला काय, हवं ते दिसतं. वालचंदनगरच्या पोरीचा बाप चारचाकीतून येतो. मॅडम त्याच्याशी हसून बोलतात. एकदा त्यानं मॅडमना डबा दिला. मॅडमनी तो घेतला आणि पर्समध्ये घातला. काय होतं डब्यात? मॅडम छकुलीला आधी चाळीस फेऱ्या मारायला लावतात आणि मग पन्नासची वेळ घेतात. वा रे वा! दिवसभर औताला जुंपलेला बैल संध्याकाळी शर्यतीला उभा केला, तर तो पळणार आहे का? ही सरळ पोरीला मागं ठेवायची रीत झाली. चाळीस फेऱ्या सगळ्याच पोरी मारतात हे त्याला दिसत होतं, पण ते त्यानं मोजलं नाही.

घरी आल्यावर रतनला म्हणाला, "आपल्या पोरीचा पत्ता कापत्यात."

रतन म्हणाली, "डब्यात काय व्हतं म्हायत्येय का? मी इचारलं रंगूबाईला. मेथीचं लाडू. बाईचं गुडघं दुखत्यात."

"लाडवाखाली काय व्हतं ते इचारलंस का?"

रतननं कपाळावर हात मारला. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

आता रामहरीकडं ह्या सगळ्यावर एक उपाय होता, आणि तो त्याच्याच रानात होता. त्याचं शेततळं. चार वर्षांपूर्वी खोदलेलं, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, हिवाळ्यात कॅनॉलला पाणी आलं की काठोकाठ भरून घ्यायचं आणि उन्हाळाभर बागेला पुरवायचं. ठेकेदारानं पन्नास मीटर लांबीचं म्हणून खोदलं, तेव्हा रामहरीनं ह्या बांधावरून त्या बांधावर टेप लावला. साडेएकोणपन्नास भरलं. ठेकेदार हातापाया पडला, पण रामहरीनं मशिन परत आणायला लावून अर्धा मीटर खोदून घेतलं. साऱ्या जगात एवढी एकच गोष्ट होती जिच्यावर त्याचा पुरा विश्वास होता. पन्नास म्हणजे पन्नास. आपल्या हातानं मोजलेलं.

त्यानं सेकंद मोजायची दोन घड्याळं आणली. दोन कशाला? एकावर दुसऱ्याची नजर राहावी म्हणून. जानेवारीत, तळं तुडुंब असताना, छकुली ह्या टोकाहून त्या टोकाला पोहली. पस्तीस सेकंद. इथं उडी मारायला ठोकळा नाही, म्हणून दोन सेकंद जास्त. रामहरीनं ते समजून घेतलं. मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं पस्तीस लिहिलं. प्लास्टिकवर पाय घसरतो म्हणून दोन्ही टोकांना टायर बांधलेला दोर सोडलेला होता. तो धरून छकुली वर आली.

मार्च निघाला आणि भिंतीवर बत्तीस लागलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीस.

तीस! रामहरी बांधावर एकटाच हसला. बारामतीत तेहेतीस आणि इथं तीस, म्हणजे चोर सापडला. इथं पोर दमलेली नव्हती, इथं फळा नव्हता, इथं मेथीचे लाडू नव्हते.

छकुली दोर धरून वर येता येता म्हणाली, "आबा, मला वाटतं का न्हाय..."

"तुला काय वाटायचं न्हाय. घड्याळ काय म्हंतं ते ऐक."

रतन धुण्याची बादली घेऊन आलेली. ती म्हणाली, "पाणी किती खाली गेलंय बगा. दोर पुरंना झालाय, लांब करा. पोर घसरंल."

"पाण्याचं कवतिक ऱ्हाऊ दे. घड्याळ बघ, घड्याळ." पण त्यानं दोर लांब केला. दोर किती लांब करावा लागला हे मात्र, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यानं मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो बारामतीला गेला आणि सगळ्या आईबापांच्या देखत मॅडमना म्हणाला, "माझ्या पोरीचं तीस सेकंद हायती. तुमी तेहेतीस का दावता?"

"तीस कुठं झाले?"

"माझ्या तळ्यात. पन्नास मीटर. माझ्या हातानं मोजल्यालं."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "असं होत नाही, रामहरीभाऊ. मी उद्या येते, मला ते तळं दाखवा."

ह्यावर हो म्हणाला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण रामहरीच्या मनात लगेच आलं, हिला बघायचंय कशाला? येईल, दृष्ट लावील, आणि उद्या पोरगी जिंकली की म्हणेल मीच शिकवलं. तो म्हणाला, "तळं काय तमाशा न्हाय बघायला."

मग मॅडमचाही तोल गेला. "मग नीट ऐका. जूनमध्ये पुण्याला निवड चाचणी आहे. नाव एकाच शर्यतीला द्यायचं. पंधराशेला दिलंत, तर छकुली राज्याच्या शिबिरात जाणार हे मी लिहून देते. पन्नासला दिलंत, तर वर्ष गेलं. पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, मोठ्या पोरी येतात, आणि मग कुणी कुणाकडं वळून बघत नाही. पोरगी तुमची, निर्णय तुमचा."

"माझीच हाय. म्हणून तर नेतोय."

छकुली ओल्या केसांनी फळ्याखाली उभी होती. तिनं पिशवी उचलली आणि मोटरसायकलवर मागं बसली.

मग दोन महिने तळंच. रोज संध्याकाळी बाप बांधावर, दोन हातात दोन घड्याळं. आणि खोटं कशाला सांगू, रामहरी तसा सुखात कुणी कधी बघितला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून वेळ सांगायचा. कुंपणापाशी थांबलेल्याला "या की आत" म्हणायचा. मे महिन्यात भिंतीवर अठ्ठावीस लागलं, तेव्हा त्यानं इंदापूरहून जिलबी आणली आणि गेणूतात्याच्या घरीसुद्धा धाडली. गेणूतात्यानं ती आधी म्हशीला खायला घातली म्हणे, काही होतंय का बघायला. सुनेनं हे गावभर केलं. रामहरीला त्याचाही राग आला नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पुणं. छकुली रात्रभर नीट झोपलेली, सकाळी पोटभर जेवलेली, एक फेरीही न मारलेली. रामहरीनं सगळं स्वतः बघितलं. पाण्याची बाटलीही घरची. पंचांच्या घड्याळावर भरवसा नको म्हणून आपली दोन्ही घड्याळं घेऊन तो गॅलरीच्या पहिल्या बाकावर बसला. शिट्टी झाली, पोरींनी उड्या टाकल्या.

अर्ध्या वाटेवरच दिसायला लागलं. पुढच्या पोरी काठाला लागल्या, आणि छकुलीचे हात अजून मागं चाललेले, एकसारखे, न दमता, न घाई करता. आठ जणींत सातवी. रामहरीनं घड्याळ दाबलं. तेहेतीस आणि वर थोडं. दुसरं बघितलं. तेवढंच. फलकावर लागलं तेही तेवढंच.

आता संशय घ्यायला माणूस कुठला आणायचा? घड्याळ आपलं. पोर ताजीतवानी. मॅडम तिथं असूनही जवळ आल्या नव्हत्या. वालचंदनगरची पोरगी पाचवी आलेली, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. म्हणजे तिच्यासाठीही कुणी काही करून ठेवलेलं नव्हतं. राहिला तलाव.

सगळे पांगल्यावर रामहरी टेप घेऊन खाली आला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. त्यानं पोरीकडं बघितलं. छकुलीचे डोळे लाल झालेले, पाण्यानं का रडून ते कळत नव्हतं. तिनं टोक घेतलं, तलावाच्या कडेकडेनं चालत गेली, वाकून धरलं.

"पन्नासच हाय, आबा," ती तिकडून म्हणाली. त्यानं अजून आकडा वाचलाही नव्हता.

पन्नासच होतं. वर बोटभर.

दोघं माघारी आले. गावात बातमी आधीच पोचलेली. पारावर गेणूतात्या बसलेला, तो मोठ्यानं म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, आन पवता येईना तलाव वाकडा. व्हय न्हवं, टेपराव?" माणसं हसली. रामहरी नुसता पुढं गेला. एरवी त्यानं गेणूतात्याचा बांध काढला असता. त्या दिवशी त्याला बोलायला तोंड नव्हतं, कारण एक संशय मनात शिरला होता, आणि तो कुणा दुसऱ्यावरचा नव्हता.

सकाळी तो बांधावर गेला. टेप उलगडला. छकुली न बोलावता मागोमाग आली. तिनं टोक घेतलं आणि पलीकडच्या बांधावर गेली. रामहरीनं ओढून धरलं. पन्नास. त्याच्या जिवात जीव आला.

"बघ. पन्नास हाय."

"थांबा आबा," छकुली म्हणाली. "वर नगं. मी खाली धरते. तुमीबी खाली उतरा."

ती दोर धरून प्लास्टिकवरून सरकत खाली गेली, खाली, पार पाण्याला पाय लागेपर्यंत. तिथं वाकून तिनं टेपचं टोक पाण्याच्या कडेला टेकवलं. रामहरी आपल्या बाजूनं दोर धरून उतरला. आपण किती उतरतोय हे त्याला आता कळत होतं. पाण्यापाशी बसून त्यानं टेप ताणला आणि आकडा वाचला.

चाळीसला दोन बोटं कमी.

शेततळ्याच्या भिंती विहिरीसारख्या उभ्या नसतात, परातीसारख्या उतरत्या असतात, हे बारक्या पोरालाही ठाऊक आहे. परातीतलं पाणी जसं कमी होतं तसा त्याचा घेर आत येतो. बाग पाणी पीत होती, ऊन पाणी पीत होतं, पाणी खाली चाललं होतं, आणि पन्नास मीटर रोज थोडं थोडं आखूड होत होतं. पोरगी काही वेगवान झाली नव्हती. काठच तिच्याकडं सरकत आला होता. ज्या माणसानं गेणूतात्याचा वीतभर सरकलेला बांध जन्मभर विसरला नाही, त्याला स्वतःच्या तळ्याचा दहा मीटर सरकलेला काठ दिसला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

रामहरी तिथंच प्लास्टिकवर बसून राहिला. पँट ओली झाली. मग त्यानं पलीकडं ओरडून विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

छकुलीनं हो म्हणून मान हलवली. "बारामतीत मला एका फेरीला सेहेचाळीस हात मारावं लागत्यात. हितं मार्चात बेचाळीस झालं, मंग एकोणचाळीस, मंग सदतीस. मी मोजत व्हते की."

"मंग बोलली का न्हाईस गं बाई? वरीस गेलं तुजं."

"एकडाव सांगाया आलते. तुमी म्हणला, घड्याळाचं ऐक."

"एकडाव! धा डाव सांगायचं. वरडायचं माज्या अंगावर."

पोरीनं टेपचं टोक सोडून दिलं. मग म्हणाली, "तुमी रोज बांधावर हसत व्हता. मी पाण्यातनं वर बघितलं की तुमी हसतानाच दिसायचा. म्हणलं, आबा जल्मात पयल्यांदा कशावर तरी इस्वास ठेवून हायती. त्यो मी कसा मोडू?"

रामहरीनं तोंड फिरवलं. चाळीस मीटर पाण्यापलीकडं बसलेल्या पोरीला बापाचे डोळे दिसले नसतील, पण खांदे दिसले असणार.

त्याच दिवशी तो बारामतीला गेला. मॅडमनी दीड तास उभा ठेवला. मग बाहेर आल्या, हाताची घडी घालून. रामहरीनं सगळं सांगितलं, टेपचा आकडासुद्धा. मॅडम हसल्या नाहीत. "मी बघायला येते म्हणाले होते," एवढंच म्हणाल्या.

"व्हय. चुकलं माजं. मला काय बी बोला. पोरीला घ्या."

"तिला घेते. तुम्हाला नाही. एक वर्ष तुम्ही ह्या फाटकाच्या आत यायचं नाही. ना तुम्ही, ना तुमचा टेप."

रामहरीनं मान्य केलं. वर्षभर पोरीला सोडायचं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. खोड अशी थोडीच जाते? शिट्टी ऐकून आत काय चाललंय ते ताडायचा. आज शिट्टी लवकर का झाली? आज मॅडम कुणावर ओरडल्या? पण आत गेला नाही. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज यायचा आणि तो बसून राहायचा.

मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. वयोगट बदलला, मोठ्या पोरी आल्या. त्या वर्षी छकुली चाचणीत चौथी आली आणि घेणार होते तिघींना. रामहरीनं चार दिवस अन्नाला चव नाही म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी ती दुसरी आली, शिबिरात गेली. आणि गेल्या डिसेंबरात, सतराव्या वर्षी, राज्य स्पर्धेत पंधराशेच्या अंतिम फेरीला उभी राहिली.

रामहरी रतनला घेऊन गेला होता. बरोबर फक्त ती दोन घड्याळं; खिशात टेप नाही, डिकीतही नाही. टेप त्यानं मोटरीच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवलेला. तीन वर्षं त्याला हात लावला नव्हता. शर्यतीला पाऊण तास असताना छकुली टोपी घालून गॅलरीखाली आली. हातात खुंटीवरून काढून आणलेली गोल डबी.

"आबा, तलाव मोजला का?"

"न्हाय गं. मॅडम हायती, पंच हायती. त्यांनी मोजलाच असंल की."

"मोजा."

"लोक हसत्याल, छकुले."

"हसू द्या. तुमी मोजल्याबिगर मला पाणी खरं वाटत न्हाय." तिनं डबी त्याच्या हातात ठेवली. "आईला धरू द्या टोक. आन पाण्यावर मोजा."

रामहरी उतरला. रतननं पलीकडं पदर खोचला आणि टोक धरून वाकली, सवयीची होती. हा इकडं फरशीवर पालथा पडला, हात खाली सोडून टेप पाण्याच्या रेषेला लावला. एक पंच ओरडत आला, "अहो, काय करताय काय?" त्याला मधेच कुणीतरी दंडाला धरून थांबवलं. राजेश्वरी मॅडम होत्या. "एक मिनिट द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

"पन्नास," रामहरी पालथ्यानंच म्हणाला. "वर बोटभर."

"तेवढं चालतंय मला," छकुली म्हणाली, आणि ठोकळ्याकडं गेली.

तिसाव्या फेरीला ती पहिली आली, ते फ्लेक्सवर लिहिलंच आहे. किती वेळात, ते मात्र रामहरीला विचारू नका. दोन्ही घड्याळं त्याच्या हातात होती, आणि दोन्ही दाबायची राहून गेली. रडणाऱ्या माणसाला घड्याळ कुठलं सुचतंय?